काढल्याची मजुरी

गेवराईच्या बाजूला गोदाकाठच्या दहा गावांत बुडालेला माणूस काढायचा म्हटलं की एकच नाव निघायचं, शहादेवचं. वय साठीला टेकलेलं, पण दम तरण्या गड्याचा. बापाने घालून दिलेला एक नेम त्याने चाळीस वर्षं पाळला होता. प्रेत काढल्याचा पैसा घ्यायचा नाही. पैसा सोडा, त्या कामाचा कुणाचा चहासुद्धा नाही. प्रेत काठावर ठेवायचं आणि ओल्या धोतरानं घर गाठायचं. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. बांधाचा तंटा असो की सोयरीक, शहादेव म्हणाला की विषय मिटायचा.

बाकी गावाचं काय सांगावं? वाळूवाल्या पप्पूशेठने नदीत पोकलेन मशीन उतरवलं आणि दर महिन्याला घरटी वाटा ठरवून दिला. वाहत्या गंगेत हात धुवावेत म्हणतात. या शहाण्यांनी गंगाच विकायला काढली. देवळाला चकचकीत फरशी आली, दारोदार मोटारसायकली आल्या, आणि नदीबद्दल बोलायची गावाची वाचा गेली. शहादेवने वाटा घेतला नव्हता. पण त्याचा मुलगा पवन वाळूच्याच ट्रॅक्टरवर होता, तेव्हा घरातली भाकरी कशावर भाजते हे त्यालाही कळत होतं.

मार्गशीर्षात भीमनगरच्या मालनबाईची चैताली धुणं घेऊन नदीला गेली. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजात जाणारी. जिथं पिढ्यान् पिढ्या गुडघाभर पाणी, तिथं तिने एक पाऊल पुढं टाकलं आणि खालीच गेली. शहादेवने तिसऱ्या बुडीत तिला वर आणलं. खाली चाचपडताना त्याच्या हाताला सरळ तासलेली भिंत लागली होती. पोकलेनच्या दातांचे चर त्याने बोटांनी ओळखले. दोन पुरुष खोल खड्डा होता तो.

पोलीस यायच्या आत पोकलेनने तो खड्डा बुजवला. काठावर उभं राहून गावाने ते पाहिलं आणि मूग गिळले. आता खड्ड्याला साक्षीदार म्हणून शहादेवची दहा बोटं तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरपंच सुंदरराव चार जाणत्यांना घेऊन त्याच्या ओट्यावर आला. याच सुंदररावच्या भावाला शहादेवने एकदा पुरातून जिवंत ओढून आणलं होतं. खड्ड्याचं नाव निघालं तर पप्पूशेठ आत जाईल, वाळू बंद, घरोघरचा वाटा बंद, पवनचा ट्रॅक्टरही दारात उभा राहील, असं सुंदररावने सावकाश समजावलं. धमकी कुणी दिली नाही. सगळे गोडच बोलले, आणि त्याचीच जास्त किळस यावी असं ते बोलणं होतं.

"खालच्या डोहात घावली म्हनायचं," सुंदरराव उठता उठता म्हणाला. "गेलेली पोर तर येनार न्हाई. जित्यांचं बघावं मानसानं."

शहादेवने पवनकडे पाहिलं. पवन ट्रॅक्टरकडे बघत होता.

दुपारी हवालदार पंचायतीच्या ओट्यावर जबाब लिहायला बसला. पोर कुठं बुडाली, असं त्याने आधी मालनबाईला विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"म्या काठावर नव्हते, सायेब. शहादेवभाऊ सांगतेल तेच लिवा. त्यांचा शब्द खोटा नसतोय."

शहादेव पुढे आला. समोर अख्खा गाव उभा होता. जत्रेलासुद्धा एवढी एकी त्याने पाहिली नव्हती.

"डोहात घावली," तो म्हणाला.

हवालदाराने लिहून घेतलं, शहादेवने खाली सही केली. मालनबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, रडली नाही. गर्दी हलकी होऊन पांगली. कुणीतरी चहा मागवला आणि पहिला कप शहादेवच्या हातात दिला. त्याने तो प्यायला. संध्याकाळी पप्पूशेठने त्याच्या नावाचा वाटा पवनकडे धाडला, तेव्हाही शहादेव नको म्हणाला नाही.

चैतालीचा जलदान विधी झाल्यावर दुसऱ्या सकाळी मालनबाई त्याच्या दारात आली. पदराची गाठ सोडून तिने कापूस वेचून मिळालेल्या नोटा पुढे केल्या.

"भाऊ, चैतालीला काढल्याची मजुरी."

शहादेव मागं सरला. "म्या ह्याचं घेत न्हाई, मालनबाई. तुला ठावं हाय."

"ठावं व्हतं," ती म्हणाली. "आता तुमी घेता. त्यांचं घेतलं तसं माजंबी घ्या. माज्या लेकीवर तुमचा उपकार नको."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने नोटा ओट्यावर ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला आणि ती कामाला निघून गेली. शहादेवला त्या नोटांकडे हात नेववेना. पाण्यातल्या प्रेताला तो कधी भ्याला नव्हता. या पाच नोटांना भ्याला.

एवढ्यात सून वनिता अंगण झाडायला बाहेर आली. नोटा दिसल्या, तशा तिने उचलल्या. कुणाच्या, कशाच्या, काही विचारलं नाही. या गावात आता पैशाला कुणी तसं विचारत नव्हतं. आत जाऊन तिने फडताळातला डबा काढला, पप्पूशेठच्या वाट्याचा, आणि त्यातच त्या टाकल्या.

शहादेव दारातून बघत होता. तिला थांबवायला त्याच्याजवळ तोंड उरलं नव्हतं.