दोन बोटे लाकूड

प्रिय वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे दान खरे. परंतु ती दुसऱ्याच्या मापाची करून सोपवणे त्याहून कठीण, कारण मग ती परत मागता येत नाही. अशाच एका दानाच्या उंबरठ्यावर माझे आयुष्य काही काळ अडून राहिले होते.

मित्रांनो, मी एक जुना दस्ता आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात त्या एअर रायफलचा, अक्रोडाच्या लाकडाचा. नेम लोखंड साधते, अशी तुमची समजूत असेल; पण नेमबाजाचा गाल, खांदा आणि तळवा ज्याच्यावर विसावतो, तो मी. दूरदेशी घडलो आणि सिंगापुरात चारुदत्त नावाच्या बँक अधिकाऱ्याच्या खांद्याशी येऊन स्थिरावलो. ते उंच, लांब हातांचे. जणू मला पाहूनच विधात्याने त्यांना घडवले होते. दर शनिवारी त्यांचा श्वास माझ्यावरून वाहत येई आणि छर्रा सुटण्याआधी क्षणभर थबके. त्या थबकलेल्या श्वासाएवढी जवळीक मी दुसरी जाणली नाही.

पुढे त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मध्यभागी धूसरपणा दाटला. लक्ष्याचा काळा ठिपका त्यांना दिसेना. मी क्लबच्या कपाटात पडून राहिलो. दमट हवेने माझे पॉलिश फुगले, सोलले. दार उघडले की वाटे, तेच आले असतील.

२००७ साली ते खरोखरच आले. रायफलची नळी क्लबच्या कुलपातच राहिली. मी, नुसते लाकूड, कापडी पिशवीतून क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. मला वाटले, आमचे जुने दिवस परत आले. पण त्यांनी मला त्यांच्या कन्येच्या, श्रियेच्या हाती दिले. दिवाळीनंतर तिच्या शाळेच्या संघाची निवड होणार होती.

मागचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवले की बोट ट्रिगरच्या जागी पोचावे, हे आमच्यातले माप. श्रियेचे बोट अलीकडेच राहिले.

"बाबा, टू लाँग, लाह!" ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. " दोन बोटं तरी कापायला हवं."

"कापू. आधी जुनं पॉलिश तर निघू दे."

पॉलिश निघाले. मग कानशीने पकड बारीक झाली, काचकागदाने अंग गुळगुळीत झाले. करवत मात्र हत्यारांच्या पिशवीतच राहिली. रोज सकाळी ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी डावा डोळा झाकून समोरच्या इमारतीवरचा आकडा वाचू पाहत. मग मुकाट्याने येऊन मला घासू लागत. खरे सांगतो, मीही मनोमन म्हणे, तो आकडा दिसू दे.

खंडेनवमी आली. त्यांच्या पत्नी नंदाताईंनी विळी, कात्री आणि श्रियेचा लॅपटॉप देवापुढे मांडून मलाही शेजारी ठेवले. हळद तेलात कालवून भक्तिभावाने माझ्या मागच्या टोकाला पाच बोटे ओढली. पॉलिश नसलेले कोरडे लाकूड ते! घटकाभरात सारे आत मुरले.

"अगं, उघड्या लाकडाला हळद लावतात का?" चारुदत्त ओरडलेच.

"दरवर्षी लावते तशी लावली. मला काय ठाऊक ते पिऊन टाकेल! घासून निघेल ना?"

"खोल गेलीय. आता कापूनच निघेल."

बोलून गेले आणि ते स्वतःच थांबले.

नंदाताई हळूच म्हणाल्या, "मग कापा ना. अहो, घासून घासून दस्ता संपेल, डोळा नाही यायचा परत. तिची निवड तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी श्रियेला उभे करून माप घेतले, लाकडाची सालपटे निघू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळली आणि करवत चालवली. मला वेदना झाली ती लाकडाची नव्हे. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत धीर. माझ्या अंगावर अक्रोडाच्या रेषा पुन्हा उजळल्या.

श्रिया संघात आली. तिचा श्वास लहान, उतावळा. पण थबकतो अगदी बापासारखा. त्या दिवशी चारुदत्त म्हणाले, "दे जरा." त्यांनी मला खांद्याला लावले. त्यांचे कोपर अवघडून दुमडले, मान वाकडी झाली. गाल मात्र जुन्या जागी टेकला, आणि श्वास थबकला. समोर नेमाच्या जागी त्यांना काहीच दिसत नव्हते.

"छे! आता तुझाच हा," असे म्हणून हसत त्यांनी मला परत केले.

मित्रांनो, हाती आलेली जुनी वस्तू जपा. तिच्यातून कुणीतरी स्वतःचे माप काढून घेतलेले असते. ज्याने कापले त्याच्या मनाला शांती लाभो. जिच्यासाठी कापले तिची दृष्टी दीर्घकाळ निर्मळ राहो.