झोका थांबला तेव्हा

मी एक सागवानी झोपाळा आहे, वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. सुरतेत मला सगळे हिंचकाच म्हणतात. मित्रांनो, मला माझ्यापेक्षा योगराजचीच गोष्ट जास्त सांगायची आहे. पण मी त्याच्यापर्यंत कसा पोहोचलो, ते आधी ऐका.

धुडकू मिस्त्रींनी मला घडवले. रंधा मारून फळी इतकी गुळगुळीत केली, की कधी कोणाला कुसळ टोचले नाही. पर्वत पाटियाजवळ राहणाऱ्या सुधाकररावांच्या ओसरीवर मला टांगले. बँकेतून आल्यावर ते माझ्यावर बसून चहा पीत. पाहुणे आले, की आधी माझे कौतुक होई. पुढे ते घर पाडले. नव्या फ्लॅटमध्ये मला जागा नव्हती, म्हणून मी गच्चीवर टाकीला टेकून पडलो. कड्या गंजल्या. कबुतरांखेरीज कोणी माझ्याकडे फिरकेना.

शेवटी सुधाकररावांनी मला टेम्पोत घालून कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून असलेल्या एका निवासी शाळेत पाठवले. ही शाळा मोठ्या मुलामुलींची आहे. अठरा वर्षे उलटलेली, पण शिकायला खूप वेळ लागणारी मुले तिथे राहतात. कोणाला बोलता येत नाही, कोणाला चालताना आधार लागतो, कोणाला जरासा गोंगाटही सोसत नाही. अंघोळ करणे, बटणे लावणे, पोळी लाटणे, नको असेल तर ‘नको’ सांगणे, हे तिथले धडे.

योगराज आला तेव्हा चांगला उंचापुरा तरुण होता. त्याला एक शब्दही बोलता येत नव्हता. त्याचे आईवडील खानदेशातून येऊन सुरतेच्या गोडादऱ्यात राहिले होते; वडील हिलाल पॉवरलूमवर काम करीत आणि आई शोभाबाई घरी साड्यांना टिकल्या लावी. योगराज चिडला, की हाताला येईल ते फेकी. म्हणून बिचारे त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावीत. शाळेतही तो पहिले काही दिवस भिंतीला पाठ लावून ओरडत राहिला. मग व्हरांड्यात टांगलेला मी त्याला दिसलो. तो येऊन बसला आणि झोका लागताच शांत झाला.

उषाताई तिथल्या शिक्षिका. त्यांनी ते नेमके हेरले. त्या मला चार झोके देत आणि कडी धरून थांबवत. फळीवर दोनदा थाप मारत आणि विचारत, “आणखी?” मग गप्प उभ्या राहत. योगराज ओरडे, स्वतःच्या हाताला चावे. तिथेच राहणारी गायत्री मोठी बडबडी होती. ती मधेच म्हणे, “ताई, त्याला झोका पाहिजे! द्या ना!”

“तुला कळलं गं, मलाही कळलं,” उषाताई म्हणत. “पण मला ते त्याच्याकडून ऐकायचंय.”

ऊस तोडला गेला, पुन्हा लागला, पुन्हा कमरेएवढा झाला. उषाताई थांबतच होत्या. इतका धीर मी कोणत्याही माणसात पाहिला नाही. आणि एका दुपारी योगराजने माझ्या फळीवर थाप मारली. एक, मग दुसरी. उषाताईंनी मला असे ढकलले, की माझ्या कड्या करकरल्या. गायत्री टाळ्या पिटत सगळ्या शाळेला सांगत सुटली.

त्यानंतर योगराज पाण्याची खूण शिकला, ‘पुरे’ची शिकला. गुडघा खरचटला, तेव्हा उषाताईंनी त्याचा तळवा दुखऱ्या जागी ठेवून सांगितले, “दुखतंय.” तीही खूण त्या रोज करून दाखवू लागल्या. ती मात्र त्याने कधी आपणहून केली नाही.

मग दिवाळीची सुट्टी संपवून तो परतला, तो बिथरलेलाच. गालावर बुक्क्या मारी, भिंतीवर डोके आपटी, जेवण ढकलून देई. शाळेतले सगळे घाबरले. आईवडिलांना बोलावणे गेले.

“खूप केलं तुम्ही, ताई,” हिलाल म्हणाले. “पण आता याला घरी नेतो. कडी लावून ठेवू. काय करणार? निदान डोळ्यांसमोर तरी राहील.”

योगराज माझ्यावर बसला होता. हिलालनी त्याचा दंड धरला. “चाल रे भाऊ, घर चाल.” तो उठेना.

“एक झोका तरी घेऊ द्या त्याला,” शोभाबाई म्हणाली आणि तिने मला ढकलले. पण योगराजने पाय टेकून मला थांबवले. असे त्याने पूर्वी कधीच केले नव्हते.

“पाणी पाहिजे का? भूक लागली का?” शोभाबाई घाईने विचारू लागली.

“काकू, थांबा!” गायत्री ओरडली. “तो सांगतोय.”

सगळे थांबले. योगराजने आईचा तळवा धरला, स्वतःच्या गालावर ठेवला आणि दाबून धरला.

“दुखतंय,” उषाताई हळूच म्हणाल्या.

“माय वं! तुना दात दुखस का रे?” शोभाबाईने विचारले. योगराजने तोंड उघडले. आतली दाढ किडून काळी पडली होती, हिरडी टम्म सुजली होती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी ती दाढ काढली. डोके आपटणे थांबले. तिसऱ्या दिवशी आईवडील पुन्हा भेटायला आले. हिलाल कितीतरी वेळ लेकाच्या गालावरून हात फिरवत राहिले. “एवढं दुखत होतं, अन् आम्ही म्हणायचो, पोरगा मारकुटा आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच मुलाला विचारले, “राहतो का इथं?” आणि ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

योगराज उठला. वडिलांचे बोट धरून त्याने त्यांना जेवणघरात नेले आणि आपल्या जागेशेजारी बसवले. बापलेक एका ओळीत खिचडी जेवले. संध्याकाळी हिलाल आणि शोभाबाई दोघेच गोडादऱ्याला परतले.

मित्रांनो, माझ्या फळीला आता चीर गेली आहे, वरचा हूकही झिजला आहे. तुमच्याकडे असा जुना झोपाळा असेल, तर त्याच्या कड्यांना तेल घाला, हूक तपासत जा. आणि तुमच्या घरी, गल्लीत कोणी न बोलणारा असेल, तर त्याच्या वतीने पटकन उत्तर देऊ नका. जरा थांबा, त्याच्याकडे बघत राहा. त्याचे म्हणणे तयार व्हायला थोडा वेळ लागतो, एवढेच.