अक्काला लागणारा वेळ

हॉस्पिटल बंद झालं आणि समोरच्या रस्त्याला शिंगं फुटली. पूर्वी तिथे भल्याभल्या गाड्या मुकाट हळू व्हायच्या, कारण कुठून ॲम्ब्युलन्स येईल याचा नेम नसायचा. आता हॉस्पिटल पाडून तिथे पत्र्याच्या कुंपणाआड नवीन इमारती उठत होत्या, आणि गाड्या कशा सुसाट. रस्ता आपल्या तीर्थरूपांचा असल्यासारख्या.

त्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं आया म्हणून राबलेल्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिची थोरली बहीण अक्का तिच्याकडेच राहायची. अक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा व्यायाम सांगितला होता. व्यायामाचं केंद्र समोरच, पहिल्या तयार इमारतीच्या तळमजल्यावर सुरू झालं होतं. पण मध्ये हा रस्ता. एकदा एक स्कूटर अक्काच्या वॉकरला चाटून गेली आणि त्या दिवसापासून तिने घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. दिवसभर खिडकीत बसून ती समोरचं दार बघायची. पाय रोज थोडे आखडत होते, हे तिला आंघोळ घालताना मावशीला कळत होतं आणि जीव तुटत होता.

मावशीने सिग्नलसाठी महापालिकेकडे अर्जांचा धडाका लावला. शेवटी उत्तर आलं, की रस्ता ओलांडणारे पुरेसे असतील तरच सिग्नल मिळेल. मोजायला माणूस येईल.

झालं! मावशीने गल्ली कामाला लावली. शिंपीदादा तीन शर्ट बदलून तीनदा गेले. शिकवणीच्या बाईंनी अख्खा वर्ग पलीकडे नेऊन परत आणला. सगळे असे लगबगीने चालत होते, की जणू पलीकडे कोणी काही फुकट वाटत होतं.

"अक्का, तू आज आतच बस," मावशी म्हणाली. "तू उतरलीस की मागचे सगळे खोळंबतील."

"बरं," अक्का म्हणाली.

मोजायला आलेली मुलगी घडीच्या स्टुलावर बसून डाव्या हाताने माणसं मोजत होती. उजव्या हातात घड्याळ होतं. ते कशाला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सिग्नल मिळाला. पहिल्या दिवशी हिरवा दिवा लागला तशी अक्का मावशीचा हात झटकून एकटी निघाली. निम्म्या रस्त्यात पोचते न पोचते तोच दिवा लाल! दोन्हीकडून भोंगे सुरू. मावशी धावली आणि दोन्ही हात पसरून गाड्यांसमोर उभी राहिली. तेव्हा कुठे अक्का पलीकडे पोचली.

मावशीने फोन करून त्या मुलीला बोलावलं आणि फैलावर घेतलं. "हिरवा दिवा फक्त चौदा सेकंद? माणसं आहेत की हरणं?"

"मावशी, वेळ मी मनाने नाही ठरवला," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी जे चालले त्यांच्याच चालीवरून काढला. तुमच्या गल्लीत हळू चालणारं एकही माणूस दिसलं नाही मला."

शिंपीदादा चपलेकडे बघू लागले. आता खरं सांगावं तर मिळालेला दिवा जायचा, न सांगावं तर अक्का पुन्हा खिडकीत. तिने एकदा अक्काकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं, शर्टांसकट.

"आणि हिला मीच घरात बसवलं होतं."

"जिच्यासाठी दिवा मागितलास, तिलाच लपवलंस होय गं?" अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मावशी तिथेच पदराने डोळे पुसू लागली.

"दिवा आता कोणी उपटून नेणार नाही," मुलगी म्हणाली. "माझी बोलणी मी खाईन. पण वेळ वाढवायचा तर खरं माप लागेल. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी वाहतूक पोलिसाने गाड्या थांबवल्या. गल्ली कडेला उभी राहिली. अक्का वॉकर टेकवत निघाली.

"चला अक्का, उचला पाय!" शिंपीदादा ओरडले.

"गप्प बसा!" मावशी कडाडली. "तिला घाई करायची नाही कोणी."

एकतीस सेकंद. मुलीने वहीत आकडा लिहिला आणि स्टूल मिटलं.

"थांब गं पोरी," पलीकडून अक्काने हाक मारली. "हे जातानाचं झालं. व्यायाम करून येते तेव्हा पाय उचलत नाहीत माझे. ते कोण मोजणार?"

मुलीने स्टूल पुन्हा उघडलं. तासाभराने अक्का केंद्रातून बाहेर आली, घामाने भिजलेली. दोनदा मध्येच थांबली. कोणी हूं की चूं केलं नाही.

"सत्तेचाळीस," मुलगी पुटपुटली.

मावशीने वहीत वाकून आकडा बघितला.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."