आडव्या दारावरच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, आणि सध्या आडवे आहे. दाराने आडवे व्हायचे म्हणजे काय, याचा धक्का मला अजून पुरता पचलेला नाही.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि झोपायच्या खोलीला बसवले. भिंगरीचा जन्म झाला तेव्हा बिजागऱ्यांना तेल मिळाले, कारण माझ्या कुरकुरीने ती जागी व्हायची. भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी. एका जागी थांबत नाही म्हणून हे नाव. ती उभी राहू लागली तशी आई माझ्या कडेवर पेन्सिलीने तिच्या उंचीची खूण करू लागली. खूण वर सरकली की आई टाळ्या वाजवायची. मला वाटायचे, त्या मलाही आहेत.

पुढे मी फुगले, कुरकुरत चौकटीत अडकू लागले. येता-जाता लाथा खाल्ल्या. तेल देणे कोणालाच सुचले नाही.

आणि एका दुपारी आईने स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या बिजागऱ्याच सोडवल्या! मी हादरले. बाबा घरी आले आणि उंबरठ्यातच थबकले.

"अगं, दार कुठे गेलं?"

"हे काय, ट्रंकांवर. मला कापड बेतायला टेबल हवं होतं."

"आणि खोलीला? धर्मशाळा आहे का ही?"

"पडदा लावलाय. बालवाडीच्या बाईंनी काम दिलंय, नाटुकल्यासाठी ढगांचे झगे. पहिलंच काम आहे. हे जमलं तर धंदा, नाहीतर दार परत जागेवर."

बाबा पडदा बाजूला सारून आत गेले.

मग माझ्यावर पांढरेशुभ्र कापड पसरले. जिथे कडी होती त्या भोकातून कातरण खालच्या डब्यात पडू लागली. वर्गातली मुले भिंगरीएवढीच, पण मापाला भिंगरी घरी नव्हती, शाळेत होती. तेव्हा आईने माझ्या कडेवरची सगळ्यात वरची खूण धरली. डोक्याएवढे अंतर वजा केले, दाराखालच्या फटीएवढे मिळवले. इतकी हुशार! मला “थांब!” असे ओरडावेसे वाटले, पण दाराला तोंड कुठे असते?

झगे शिवून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्यायला येणार होत्या. संध्याकाळी भिंगरीने एक झगा घातला, ऐटीत पाऊल टाकले आणि धाडकन तोंडावर आपटली. झगा पायाखाली गोळा झाला होता.

आई पांढरीफटक पडली. "अगं, तू आक्रसलीस की काय?"

भिंगरी नाक चोळत म्हणाली, "मी खूण करताना टाचा वर करायचे."

"काय? का गं?"

"खूण वर गेली की तू टाळ्या वाजवायचीस ना!"

आई मटकन खाली बसली. हातातली कात्री तशीच उघडी राहिली.  मग भिंगरीला जवळ ओढून तिच्या टाचांवरून हात फिरवत राहिली.

"आता रडायचं की शिवायचं?" बाबांनी विचारले आणि स्वतःच सुईत दोरा ओवला. टाके वाकडे पडत होते. आई हसत हसत उसवत होती. कापायला मन होईना, म्हणून जादा कापड आतून रुंद दुमडून टाकले.

सकाळी बाईंनी झगा उलटा केला. "एवढी मोठी दुमड?"

आईने खरे तेच सांगितले. मी धडधडत ऐकत होते.

"म्हणजे उसवलं की लांबी वाढते? अहो, मग पुढच्या वर्षीही चालतील की! वर्गातले एप्रन पण असेच शिवून द्या."

आई नुसती मान डोलावत राहिली. नवे काम मिळाले, हे तिला बाई गेल्यावर समजले.

त्या दिवशी तिने भिंगरीला माझ्यावर आडवे झोपवले, टाचा माझ्या खालच्या काठाशी लावल्या आणि म्हणाली, "आता कर बघू वर!" नवी खूण झाली. ती जुन्या खुणेच्या बरीच खाली आली. भिंगरीचा चेहरा उतरला. पण आईने टाळ्या वाजवल्या, पूर्वीपेक्षा जोरात.

मित्रांनो, घरातले जुने दार कुरकुरले तर त्याला लाथ मारू नका, थेंबभर तेल द्या. त्याच्यावर खुणा करा. फक्त टाचा टेकवून उभे राहा. आणि खूण कुठेही येवो, टाळ्या वाजवायला विसरू नका.