मामाचं कासव

माझा मामा चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होता, आणि त्यातली बहुतेक त्याने सुकाणूपाशी उभं राहून काढली. निवृत्त झाल्यावर वळवायला जहाज उरलं नाही, तेव्हा त्याने माणसं वळवायला घेतली. जेटीवर कुणी बिस्किटाचं वेष्टण पाण्यात टाकलं की हा मागून यायचा आणि अगदी गोड आवाजात म्हणायचा, "पडलं वाटतं तुमचं?" मग तो माणूस पँट दुमडून पाण्यात उतरेपर्यंत मामा जागचा हलायचा नाही.

मी बंदराच्या कचेरीत टायपिस्ट आहे. सांडलेलं तेल, फाटकी जाळी, खाडीत टाकलेला राडारोडा, सगळ्यावर मामाचे अर्ज यायचे. जेवणाच्या सुट्टीत अर्ज मी टाईप करून द्यायचे आणि सुट्टी संपली की त्याच अर्जाला साहेबांचं उत्तरही मीच टाईप करायचे. एकदा गडबडीत उत्तरावरही मामाचीच सही झाली, आणि खाडीतला राडारोडा दोन दिवसांत उचलला गेला.

पण त्याचं खरं नाव झालं ते कासवामुळे. भर समुद्रात झोपलेलं कासव दिसलं म्हणून त्याने कप्तानाला न विचारता अख्खं जहाज वळवलं, ही गोष्ट बंदरात सगळ्यांना पाठ होती. मामा स्वतः मात्र ती कधी सांगायचा नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, "ते जाऊ दे, तुझ्या हातातली पिशवी कसली आहे ते सांग." आम्हाला वाटायचं, काय हा विनय!

गेल्या वर्षी न्यूमोनियाने तो चार दिवसांत गेला. वर्ष झालं तेव्हा बंदर कामगारांच्या संघटनेने त्याच्या आठवणींची सभा ठेवली. दोरखंडाच्या गोदामावर त्यांचा हॉल आहे. छताला पाकोळ्यांची सात घरटी, त्यामुळे मामाने तिथले पंखे कायमचे बंद करवले होते. मामीने आल्या आल्या बटणांवरची चिकटपट्टी तपासली आणि मगच खुर्चीत बसली. दीडशे माणसं घामाने निथळत होती आणि मधूनमधून वरून एखाद्यावर प्रसाद पडत होता.

मंचावर कापडाने झाकलेलं चित्र होतं. बंदरात पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने ते अकरा दिवस खपून काढलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून मामाचे जुने कप्तान आले होते. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र.

पहिला बोलायला उठला लाँचचा मिस्त्री. त्याने कागद उघडला, एक ओळ वाचली आणि कागद घडी करून खिशात घातला.

"खरं सांगू का? या माणसाने माझ्या नाकी नऊ आणले होते. इंजिनातलं जुनं तेल मी गुपचूप पाण्यात सोडायचो. एकदा पकडलं. ओरडला असता तर बरं झालं असतं! तर नाही. रोज सकाळी येऊन माझ्या शेजारी बसायचा. गप्प. महिनाभर! शेवटी मी तेलासाठी पिंप आणलं, तर म्हणतो, 'चला, आता दुसऱ्या मिस्त्रीकडे बसतो.'" त्याने खिशातला कागद उगाच चाचपला. "दुसऱ्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं हो."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. जो उठेल तो मामाने आपल्याला कसं छळलं ते सांगायला लागला. साहेबांनी तर कबूलच केलं की मामा दिसला की ते कपाटामागे लपायचे, आणि एकदा मामाने कपाटालाच अर्ज देऊन पोच मागितली होती. मामी हसू दाबून बसली होती. मासळी बाजारातली आक्का शेवटी उठली. ही म्हणजे आवाजाने लिलाव जिंकणारी बाई, हिला माईक नको की काही नको.

"माझ्या होड्यांच्या जाळ्यात कासव सापडलं की मी आधी जाळं वाचवायचे," ती म्हणाली. "यांनी कासवासाठी जहाज वळवलं ते ऐकलं आणि लाज वाटली. म्हटलं, त्यांनी नोकरी पणाला लावली, मी एक जाळं कापू शकत नाही? तेव्हापासून एकशे ब्याण्णव कासवं सोडली. रेघा मारून ठेवल्यात दारामागे."

टाळ्यांच्या कडकडाटात कापड दूर झालं. चित्रात मामा सुकाणू धरून उभा होता आणि लाटांमधून एक भलंमोठं कासव त्याला सलाम ठोकत होतं. पेंटरचा हात पाट्यांचा, चेहऱ्यांचा नव्हे. कासव हुबेहूब मामासारखं दिसत होतं, आणि मामा थोडाफार कासवासारखा.

कप्तान बोलायला उठले. चित्राकडे बघितलं, मामीकडे बघितलं, रुमालाने मान पुसली.

"मला हे सहन होत नाही," ते म्हणाले. "ते कासव नव्हतं."

"मग काय, देवमासा?" मागून कुणीतरी विचारलं.

"टब होता. कपडे धुवायचा. तपकिरी प्लास्टिकचा. पालथा."

वर घरट्यातल्या पिल्लांनी तेवढी चिवचिव केली.

कप्तानांनी मग सगळं सांगून टाकलं. शांत समुद्र, भर दुपार. मामाला समोर काहीतरी तपकिरी, गोल पाठीचं तरंगताना दिसलं. त्याने गर्रकन सुकाणू फिरवलं. कप्तानांचा चहा त्यांच्या पांढऱ्या गणवेशावर, आणि खाली तळाशी छत्र्यांची तीनशे खोकी या भिंतीवरून त्या भिंतीवर. दुर्बिणीतून बघतात तो टब! कप्तान रागाने थरथरत होते, आणि मामा काय म्हणाला? "साहेब, वळलोच आहोत तर काढून घेऊ या. नाहीतर उद्या दुसरा कुणी वळेल."

"काढला आम्ही तो," कप्तान म्हणाले. "होडी उतरवून. पण कंपनीला काय कळवू? माझं जहाज टबासाठी वळलं? माझी शोभा झाली असती. मी नोंदवहीत लिहिलं, 'मोठे कासव, सुकाणूवाल्याने प्रसंगावधान राखून वाचवले.' त्याला म्हटलं, तोंडातून शब्द काढू नकोस. कंपनीने त्याला प्रशस्तिपत्र दिलं, पेपरात फोटो आला. खोटं माझं होतं, आणि ते आयुष्यभर त्याने सांभाळलं."

एकच गलका उडाला. मिस्त्री म्हणाला, म्हणजे मी महिनाभर टबवाल्याला घाबरलो? पेंटर कुंचला उगारून म्हणाला की अकरा दिवस घालवलेत, कासव पुसायचं असेल तर आधी मला पुसा. साहेब सवयीने कपाट शोधू लागले. मी मामीकडे बघितलं.

मामी उठली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "टब माझ्याच न्हाणीघरात आहे. एकोणतीस वर्षं कपडे भिजवतेय त्यात. चांगला आहे अजून."

कप्तान मटकन खुर्चीत बसले.

"फोटो आल्यावर एका शाळेने यांना कासवांवर बोलायला बोलावलं," मामी पुढे सांगू लागली. "नाही म्हणायची सोय नव्हती. तिथे एका मुलीने विचारलं, कासवाला दात असतात का? यांना कुठे माहीत! घरी आले ते तोंड एवढंसं करून. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले. दात नसतात, हे मला मध्यरात्री उठवून सांगितलं. मग कासवाचं वाचता वाचता किनाऱ्याचं, किनाऱ्याचं वाचता वाचता तेलाचं. म्हणायचे, आता सगळे मला कासववाला समजतात, तर निदान तेवढं तरी व्हायला हवं ना मी." तिने पदराने घाम टिपला. "रोज भीती वाटायची त्यांना. कुणीतरी येऊन विचारील."

मग आक्का उभी राहिली आणि थेट कप्तानांच्या समोर गेली.

"तुमचा टब, यांची शाळा, मला नाही कळत," ती म्हणाली. "माझी एकशे ब्याण्णव खरी होती. जाळी मी कापलीत. उद्या सकाळी सहाला जेटीवर या. या दिवसांत रोज एखादं अडकतंच. खोटं कासव लिहिलंत ना, खरं एक हाताने सोडा."

"मला पाठदुखी आहे," कप्तान पुटपुटले.

"कासवालाही आहे," आक्का म्हणाली. "एवढं ओझं वागवतं."

दुसऱ्या दिवशी सहाला कप्तान आले, इस्त्रीच्या गणवेशात. मी आणि मामीही गेलो. होडीत खरंच एक कासव होतं, परातीएवढं, जाळ्यात वल्ह्यांसारखे पाय अडकलेलं आणि भयंकर चिडलेलं. आक्काने सुरी कप्तानांच्या हातात दिली. त्यांनी एकेक दोरा इतक्या हळूहळू कापला की कासवाचा धीर सुटला. शेवटचा दोरा तुटताच त्याने पुढचा पाय झटकून कप्तानांच्या गालावर सणसणीत चपराक दिली. कप्तान मागच्या मागे मासळीच्या टोपलीत बसले आणि कासव पाण्यात गेलं.

सगळे धावले. कप्तान टोपलीतच बसून होते. गाल लाल, मिशीला खवले.

"याला," त्यांनी गाल चोळत विचारलं, "नक्की दात नसतात ना?"

मामी हसायला लागली. हसता हसता जेटीच्या कठड्याला टेकली, डोळे पुसले, पुन्हा हसली. वर्षभरात तिचं असं हसू मी ऐकलं नव्हतं.

आता कप्तान दर रविवारी येतात. गणवेश सोडला, रबरी बूट घेतले. आक्का त्यांना एका शब्दाचीही सूट देत नाही, आणि परवा एका पर्यटकाने पाण्यात बाटली टाकली तेव्हा ते स्वतःहून त्याच्या शेजारी जाऊन गप्प बसले.