गादीवरचा शब्द

यंदाच्या उत्सवाला बाबाजीबुवा कीर्तनाला उभे राहणार नाहीत, ही बातमी पार्शे गावात पसरली तेव्हा ज्याने त्याने आपापलं कारण लावलं. कुणी म्हणालं गुडघे, कुणी म्हणालं सुनेशी बिनसलंय. देवळाच्या कमिटीतला धाकू तेवढा कारण शोधत बसला नाही. तो सरळ सगुणच्या घरी आला आणि सोप्यावर बसत म्हणाला, "तू त्यांचा पेटीवाला. जन्मभर त्यांच्या मागे सूर धरलास. आता जा आणि त्यांका उभे कर. नायतर उत्सवाक देवळात टीव्ही लावचो काय?"

"गुडघे दुखत असतील," सगुण म्हणाला.

"गुडघे माझेय दुखतत मरे. तरी पंगतीत वाढूक उभो रवतंय मा?"

सगुण हसल्यासारखं करून पाणी आणायला आत गेला आणि तांब्या हातात घेऊन तिथेच उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नव्हे. बुवांचं खरं कारण गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सगुणला ठाऊक होतं, कारण ते कारण तोच होता.

सगुण पणजीला एका नियोजन कचेरीत कामाला. काही वर्षांपूर्वी त्या कचेरीने एक आराखडा हाती घेतला होता. पेडण्यापासून मडगावापर्यंत सकाळ-संध्याकाळ पॅसेंजर गाडी सोडायची, वाटेत नवे थांबे करायचे, आणि थांब्यांच्या आसपास साध्या माणसाला परवडतील अशी घरं उभारायची. त्यात पार्शाच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, वसाहत धरली होती आणि सड्याच्या पायथ्याशी थांबा. तो नकाशा सगुणने स्वतः काढलेला. खाणी बंद पडल्यावर शिरगावातून उठलेली, मूळची दोडामार्गाकडची कुटुंबं तेव्हा हरमलला भाड्याच्या खोल्यांत राहत. पर्यटकांचा हंगाम आला की मालक त्यांना बाहेर काढी. त्यांना हक्काचं छप्पर मिळावं असं सगुणला मनापासून वाटत होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

खोटं नंतर आलं. एका दुपारच्या बैठकीत रेल्वेची माणसं स्पष्ट म्हणाली, मार्ग एकेरी आहे, आहेत त्याच गाड्यांनी तो भरलाय. रूळ दुहेरी झाल्याशिवाय नवी पॅसेंजर बसणार नाही, आणि ते कधी होईल सांगवत नाही. आधी लोक राहायला येऊ देत, मग बघू. लोकांचं म्हणणं, आधी गाडी येऊ दे, मग राहायला जाऊ. लग्नाशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. सगुणला वाटलं, कुणीतरी एकाने आधी 'हो' म्हटलं पाहिजे.

त्याच संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. पेटी उघडता उघडता तो बुवांना म्हणाला, "बुवा, आज सड्यावरच्या घरांचा दृष्टान्त घाला. खाली गाडी थांबणार म्हणून सांगा. तुमचं लोक ऐकतात."

बुवांनी उपरणं सावरलं. "नक्की ना? नारदाच्या गादीवरून मी अदमासाने बोलत नाही."

"नक्की."

बुवांनी झांज उचलली, पुन्हा खाली ठेवली. "सगुण, नक्की ना?"

"धरून चला, बुवा."

बुवांनी धरलं. देव सगळ्यांच्याच गावावरून जातो, पण ज्याने नामाचा थांबा बांधला त्याच्या दाराशी तो थांबतो, जशी उद्या आपल्या सड्याखाली गाडी थांबणार आहे, असं ते म्हणाले आणि सगळा मंडप डोलला. सगुणने मागे वरचा सूर धरून ठेवला होता. हरमलहून आलेल्या बायका पुढेच बसल्या होत्या. त्यांत चंद्रावती होती, मडगावच्या इस्पितळात कपडे धुण्याच्या कामाला जाणारी. माणसं दलालाचं ऐकून घर घेतात. तिने बुवांचं ऐकून घेतलं, आणि तिच्या मागून सड्यावरची अख्खी आळी भरली.

घरं झाली. थांबा झाला नाही. गावात कुणाला उशीर झाला की "बुवांच्या गाडीन येता तो" असं पोरं म्हणू लागली. बुवांनी ते ऐकलं आणि एकदाही सगुणचं नाव घेतलं नाही. सगुण रोज सकाळी मोटारीने सड्याच्या पायथ्यावरून पणजीला जाई. रस्त्याकडेला डबे घेऊन बसची वाट बघणाऱ्या बायका दिसल्या की काच वर करी. धूळ येते म्हणून, असं तो स्वतःला सांगे. पावसाळ्यातही तेच सांगे.

धाकू गेल्यावर तो बुवांकडे गेला. बुवा बागेतल्या मांगराच्या छपराखाली बसून काजूच्या बोंडूंपासून बिया पिरगळून काढत होते.

"धाकूने पाठवलं ना? त्याला सांग, गुडघे."

"गुडघे नव्हेत, बुवा."

"मग काय सांगू?" बुवांनी एक बी टोपलीत टाकली. "रेल्वेने बेत बदलला. त्यात तुझं काही नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत इतके उत्सव काढले. पण चंद्रावती पाया पडायला वाकते तेव्हा पाय कुठे लपवू असं होतं मला. जिथून खोटं गेलं त्या गादीवर पुन्हा चढायचं कसं?"

"रेल्वेने बेत बदलला नाही." सगुण म्हणाला. "मी तुम्हाला 'नक्की' म्हटलं, त्याच दुपारी ते नाही म्हणाले होते. मला ठाऊक होतं."

बुवांचे हात थांबले. बोंडूचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी त्यांनी पुसला नाही.

"दोनदा विचारलं होतं मी."

"हो."

"दुसऱ्यांदा तुझा सूर हलला. माझ्या कानाला कळलं होतं, सगुण. पण दृष्टान्त असा काही जमला होता, सोडवेना."

सगुणला वाटलं होतं, सांगितल्यावर निदान अर्धं ओझं उतरेल. उतरलं नाहीच, उलट म्हाताऱ्याच्या वाट्याचंही त्याच्याच खांद्यावर येऊन बसलं.

"मला कशाला सांगतोस?" बुवा उठत म्हणाले. "सड्यावर जाऊन सांग. त्यांनी उभा राहा म्हटलं तर राहीन. पण पेटीवर तू बसायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगुण मोटार पायथ्याशी ठेवून चालत वर चढला. सड्यावर झाड नाही, सावली नाही. चढ बघून पाव विकणारा पोदेरसुद्धा वर येत नाही, त्यामुळे पाव घेऊन येणाऱ्या बायका त्याच्याबरोबरच धापा टाकत चढत होत्या. त्याने चंद्रावतीच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. शेजारपाजारचे जमले. कुणी आवाज चढवला नाही.

"मगे?" चंद्रावती म्हणाली. "सांगलात, तुमका हलक्या वाटला. आमका?"

"मी पुन्हा रेल्वेकडे मागणी..."

"ती रवांदे. सड्यार बस एकच कित्याक, ता सांगा."

सगुणने मान खाली घातली. "आराखड्यात गाडी धरली होती. गाडी आहे म्हटल्यावर बस वाढवायची गरज नाही. मीच तसं लिहिलं."

शेजारचा महादेव, पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारा, हसायला लागला. "म्हणजे नसलेल्या गाडीन असलेली बस खाल्ल्यान." मग सगळेच हसले. त्यापेक्षा कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं सगुणला झालं.

"उद्या ती गाडी आराखड्यातून काढतो," तो म्हणाला. "का काढली तेही सांगतो. मग तुमच्यासाठी बस मागता येईल."

"बुवांका सांगा, उभे रवा," चंद्रावती म्हणाली. "म्हातारो फसलो, आमच्यासारखोच. तुमचा मागीर बघूया."

उत्सवाच्या संध्याकाळी बुवा उभे राहिले. पेटीवर धाकू बसला. त्याला मोजके सूर येत होते आणि त्यांतले दोन तो नेहमी एकदमच वाजवी. सगुण सड्यावरच्या माणसांत चटईवर बसला होता, आणि त्याची बोटं आपल्याच गुडघ्यावर चालत होती. पूर्वरंग झाला, हार-बुक्का झाला. मग बुवा म्हणाले, "या गादीवरून एकदा खोटं गेलं. त्यातलं माझं मी देवाला सांगितलंय." एवढंच बोलून त्यांनी आख्यान लावलं.

आख्यान त्यांनी स्वतःच रचलेलं, भक्त नावाड्याचं, दर उत्सवाला ठरलेलं. पुराच्या रात्री नावाडी वल्हं गमावतो आणि होडी मधल्या धारेत गरगरू लागते. तिथवर गोष्ट आली आणि सड्यावरची माणसं चुळबुळू लागली, पिशव्या हातात घेऊ लागली. वर जाणाऱ्या बसच्या शेवटच्या फेरीची वेळ झाली होती. दर वर्षी ती इथेच उठत. होडी काठाला लागलेली त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. सगुण इतकी वर्षं पेटीमागून उठून जाणाऱ्यांची पाठ बघत आला होता, पण हे त्याच्या आजच ध्यानात आलं.

बुवांनी हात वर केला. धाकूची पेटी जरा पुढे जाऊन थांबली.

"जरा थांबा. आज होडी आधी काठाला लावतो. मधलं, बसून राहतील त्यांना मागाहून सांगेन."

आणि त्यांनी शेवट आधी सांगितला. अंधारात कोपऱ्यात बसलेला एक उतारू उठतो, वल्ह्याच्या जागी स्वतःचा हात पाण्यात घालतो, आणि काठ आल्यावर नावाडी बघतो तर होडीत कुणीच नाही. सड्यावरच्यांनी उभ्यानेच ऐकलं, हात जोडले आणि ती निघाली. सगुण त्यांच्या मागोमाग दाराशी गेला.

"मोटार आहे माझी. मी सोडतो."

चंद्रावती चप्पल घालत होती. "गाडी काढलात आराखड्यातली?"

"काढली. साहेबांनी कारण विचारलंय. लेखी दिलंय."

"बरां." तिने पदर खोचला. "तुमी बसा. मोटारीत चौघांक घेशात, बाकीच्यांका काय सांगशात? धरून चला?"

ती मंडळी अंधारात रस्त्याकडे गेली. सगुण परत येऊन रिकाम्या झालेल्या चटईवर बसला. बुवांनी होडी पुन्हा मधल्या धारेत नेली होती. बाहेर बस चढाला लागल्याचा आवाज येत होता. शेवट आताच कानांनी ऐकला होता, तरी नावाड्याच्या हातून वल्हं सुटलं तेव्हा सगुणच्या छातीत धस्स झालं.