शेवटच्या सायकलची घंटी

डोंबिवलीच्या त्या सायकलकंपूचा कायदा एकच होता: सगळ्यांत हळू चालवणाऱ्याने सगळ्यांत पुढे राहायचं आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. म्हणजे मागे कुणी राहतच नाही. शेवटी असायचा दमदार गडी. पंप त्याच्याकडे, आणि मधूनमधून घंटी वाजवायची तीही त्यानेच. सगळे येताहेत, चला पुढे, असा तिचा अर्थ.

कंपूतले सगळे साठी उलटलेले. पुढे कायम सीताराम, कारण तो सायकल चालवण्यापेक्षा तिच्यावर बसून गावाची विचारपूस करत असे. मधे चित्राताई, शाळेतून निवृत्त झाल्या तरी रांग मोडू न देणाऱ्या. आणि शेवटी प्रभाकर. ही जागा त्याने वर्षानुवर्षं राखली होती आणि तिचा त्याला चांगलाच तोरा होता.

पण ऐन थंडीत त्याच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. आता डॉक्टरांनी "चालवा, पण दमू नका" म्हणून परवानगी दिली, आणि पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी स्वारी निघाली.

"आज पुढे राहा हं," बायकोने, सुमतीने, दारातून सांगितलं.

"मी शेवटीच असतो," प्रभाकर म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा! जिना उतरताना मात्र तो पायरीपायरीवर रेंगाळला. खाली कुणी "तू पुढे हो" म्हणालं तर? ते त्याला आजारापेक्षा जास्त लागलं असतं.

पण तसं काही झालं नाही. सीताराम नेहमीसारखा पुढे झाला, आणि प्रभाकरचा जीव भांड्यात पडला.

मोठागावच्या वाटेवर पांगारा लालभडक फुलला होता, कुठूनशी कोकिळा ओरडत होती. सीताराम आज इतका हळू चालवत होता, की एक आजोबा काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेले.

"हवा कमी झालीय रे," सीताराम थांबून म्हणाला.

पंप प्रभाकरकडे. त्याने हवा भरली, जरा धाप लागली ती खोकल्यात लपवली. थोडं पुढे गेल्यावर टायर पुन्हा बसलं. पुन्हा पंप. या वेळी कपाळावर घाम आला. चित्राताईंनी सीतारामकडे डोळे वटारून पाहिलं, आणि सीतारामचा चेहरा पडला.

खाडीवरच्या नव्या पुलाच्या पायथ्याशी सगळे पाणी प्यायला थांबले. प्रभाकर बाटली घेऊन वळतो तो काय, सीताराम चाकाशी वाकून गुपचूप हवा सोडतोय.

"सित्या! हे काय चाललंय?"

सीताराम दचकून उठला. "तू माझ्याहून हळू झाला असतास, तर तुला पुढे व्हावं लागलं असतं. ते तुला सोसलं नसतं. म्हटलं, आपणच आणखी हळू व्हावं. पंप तुलाच मारावा लागेल हे आधी डोक्यातच आलं नाही रे. या वेळी मीच भरणार होतो."

"करायला गेला गणपती आणि झाला मारुती!" चित्राताई म्हणाल्या. "मी याला नुसतं सावकाश चालव म्हटलं होतं."

म्हणजे यांचं आधीच ठरलं होतं तर! प्रभाकरला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू. हसता हसता त्याचे डोळे भरले. ज्याला त्याने 'कासव' म्हणून जन्मभर चिडवलं, तोच आज त्याच्यासाठी स्वतःच्या टायरची हवा सोडत होता. त्याने पंप सीतारामच्या हातात दिला.

"धर. आज शेवटी तू."

"मला जमेल?"

"हवा सोडता येते, तर भरताही येईल. भर आधी."

मग प्रभाकर पुढे झाला. पुलाचा चढ सुरू झाला, समोर कुणाचीच पाठ नव्हती, नुसता रस्ता आणि खाडीचा वारा. छाती जराशी धडधडू लागली आणि त्याला एकदम एकटं वाटलं. मागे कुणी आहे ना? मान वळवावी तर हँडल डुगडुगतं. इतकी वर्षं आपली घंटी सीतारामला काय सांगत होती, ते त्याला आत्ता कळलं.

"सित्या, घंटी!" तो ओरडला.

"अरे हो, विसरलोच!"

आणि मग मागून घंटी वाजली. आरतीला वाजवावी तशी वाजतच राहिली, थांबेचना. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "पुरे रे आता," असं प्रभाकरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चढ अजून बाकी होता. त्याने घंटी वाजू दिली.